दातानं ऐकणारा मिस्त्री

जगात खोटं न बोलणारी वस्तू एकच, ती म्हणजे इंजिन. माणूस खोटं बोलतो, पंचांग खोटं बोलतं, गाडीचा आधीचा मालक तर देवाची शपथ घेऊन खोटं बोलतो. पण इंजिन कधी खोटं बोलत नाही, फक्त ऐकणारा कान पाहिजे. हे बोल बंडप्पा मिस्त्री गेली चाळीस वर्षं येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत आले होते. त्या रविवारीही त्यांनी ते ऐकवले, उघड्या बॉनेटवर वाकले, डोळे मिटले आणि बराच वेळ मान डोलवून म्हणाले, "स्लोला जरा थरथरतीया."

गाडीचा मालक अदबीनं म्हणाला, "मिस्त्री, अजून चालू केली न्हाय."

नशीब असं की तो बॉनेटच्या पलीकडं वाकलेला होता आणि बंडप्पांनी नेमके तेव्हाच डोळे उघडले, त्यामुळं त्यांना त्याचे ओठ दिसले. त्यांनी पुन्हा डोळे मिटले. "ठावं हाय," ते म्हणाले. "बंद गाडीबी बोलती. करा आता चालू."

हे वाक्य संध्याकाळपर्यंत येरमाळ्याच्या हायवेवरच्या झाडून सगळ्या दुकानांत पोचलं आणि बंडप्पांची कीर्ती आणखी वीतभर वाढली. बंडप्पांना मात्र त्या रात्री भाकरी गोड लागली नाही.

कारण खरी गोष्ट अशी होती, की बंडप्पांना ऐकू येत नव्हतं.

हे काही एका दिवसात झालं नाही. चार वर्षांपूर्वी आधी डावा कान गेला आणि मग, नवरा-बायकोनं जोडीनं लग्नाला जावं तसा, उजवाही त्याच्या मागं निघाला. आता उसाच्या ट्रॅक्टरवरची गाणी त्यांना छातीत कळत, एसटीचा हॉर्न अगदी ढुंगणाशी वाजला तर कळे, आणि बायको रुद्रम्मा समोर उभी राहून चिडून बोलली तर तेही कळे. बाकी सगळ्या जगाला कुणीतरी गोधडीत गुंडाळून ठेवलं होतं.

दुसरा कुठला धंदा असता तर बिघडलं नसतं. हॉटेलवाल्याला ऐकू आलं नाही तर उधारी मागणाऱ्याचाच तोटा. पण बंडप्पा होते कानाचे मिस्त्री. बाकीचे मिस्त्री गाडी उघडून बघत, बंडप्पा ऐकून सांगत. सोलापूरकडून बीडकडं जाणारा ट्रकवाला वाट वाकडी करून त्यांच्या दारात थांबे, तो पान्यासाठी नव्हे, कानासाठी. शेजारी आयटीआय झालेल्या शिवराजनं दुकान थाटून 'कॉम्प्युटर चेकिंग' असा बोर्ड लावला होता. बंडप्पांच्या दुकानाला बोर्डच नव्हता. त्यांचा बोर्ड लोकांच्या तोंडात होता, आणि लोकांच्या तोंडातला बोर्ड उतरवायला शिडी लागत नाही, हे त्यांना चांगलं माहीत होतं. एकदा कुणी म्हणालं, 'म्हाताऱ्याचा कान गेला', की संपलं. चाळीस वर्षांत दुसरं काही शिकायला सवड मिळाली नव्हती.

पुण्याच्या पोरानं, नंदीशनं, कानाचं यंत्र पाठवून दिलं होतं. अंगाच्या रंगाचं, शेंगदाण्याएवढं. ते दहा-बाराच्या पान्याच्या ड्रॉवरमध्ये डबीतच होतं. कानात यंत्र घातलेला कानाचा मिस्त्री म्हणजे टक्कल पडलेल्यानं केस वाढायचं तेल विकण्यातला प्रकार. रुद्रम्मा महिन्यातून एकदा समोर येऊन सांगे, की एकतर ते यंत्र घाला, न्हायतर शटर घाला. बंडप्पा तेवढं वाक्य ऐकू न आल्यासारखं करत. बहिरेपणाचा एवढाच काय तो फायदा होता, आणि तो ते पुरेपूर घेत.

मग हा धंदा चालला कसा? तर दोन युक्त्यांवर.

पहिली दांडक्याची. इंजिनवर हातोडीचा दांडा टेकवून दुसरं टोक कानाला लावायचं, ही मिस्त्री लोकांची जुनीच रीत. एकदा दोन्ही हात गुंतलेले असताना बंडप्पांनी दांडा दातांत धरला, आणि अख्खं इंजिन जबड्यातून चालत टाळूपर्यंत आलं. कानानं सोडलं होतं ते दातानं धरलं. त्या दिवसापासून बंडप्पा दातानं ऐकू लागले. लोकांना वाटलं ही पुढची पायरी आहे. योगी माणसं कशी आधी पाण्यावर चालतात, मग हवेत. शिवराजनं आठ दिवस निरखून पाहिलं आणि नवव्या दिवशी कॉम्प्युटर बाजूला ठेवून स्वतःही बाभळीचा दांडका दातांत धरला. त्याचं बघून आणखी दोघांनी धरला. दुपारी बाराच्या सुमारास एसटीतून जाणाऱ्या परगावच्या माणसाला वाटे, या गावात दातवण फार उशिरा करतात. एकानं तर डिझेल पिकअपवर अर्धा दात घालवला आणि तो अजून सांगतो, की त्यानंतर त्याला जास्त स्वच्छ ऐकू येतं.

पण दांडका चालतो उभ्या गाडीवर. पळत्या गाडीचा आवाज दातांत धरता येत नाही. त्यासाठी दुसरी युक्ती होती तोंडांची. गाडीत मालकाचं कुटुंब बसवायचं, गाडी रस्त्याला काढायची आणि तोंडं बघायची. आवाज आला की माणसाच्या तोंडावर तो उमटतोच. त्यातही बायकोचं तोंड सर्वांत खात्रीचं. नवऱ्यानं गाडी घेतलेली असते म्हणून त्याला आवाज अर्धाच येतो. बायकोनं नको म्हटलेलं असतं म्हणून तिला दुप्पट येतो. बंडप्पांनी या रीतीनं दोन जीपा आणि एक टेम्पो बरा केला होता. मात्र दिवसभर लोकांची तोंडं वाचून वाचून संध्याकाळी त्यांचे डोळे चुरचुरत. कानांचं ओझं डोळ्यांवर, डोळ्यांचं मानेवर आणि मानेचं रुद्रम्माच्या हातातल्या तेलाच्या वाटीवर. फार दमायला होई. पण दमलो म्हणायला कारण सांगावं लागतं, म्हणून ते तसं म्हणत नसत.

तर त्या रविवारचा गाडीचा मालक म्हणजे नागसेन. कळंबकडच्या एका गावात जनावरांच्या दवाखान्यात तो व्रणोपचारक होता, म्हणजे डॉक्टर सही करत आणि बाकीचं नागसेन करी. रोगी स्वतःचं दुखणं सांगत नाही याची त्याला सवय होती, त्यामुळं गाडीबद्दलही त्याचा धीर मोठा होता. गाडी सोळा वर्षांची. मूळची पांढरी, आता ताकाच्या रंगाची. ओळखीच्याच्या ओळखीच्याकडून घेतलेली, म्हणजे भांडायला कुणीच हाती लागू नये अशी. आईचे गुडघे गेले, तिला एसटी चढवेना, म्हणून घेतली होती. चाळीसच्या पुढं गेली की कुठूनतरी घरघर यायची. चार मिस्त्री झाले. पहिल्यानं पट्टा बदलला. दुसऱ्यानं सायलेन्सर घट्ट केला. तिसरा म्हणाला, या वयात एवढं असतंच. चौथ्यानं टेपचा आवाज वाढवून दिला.

म्हणून नागसेन पाचव्याकडं आला होता, आणि चौघांनी हात टेकलेली गाडी बंडप्पांच्या दारात उभी आहे हे बघून शिवराज आपल्या दुकानाच्या दारात खुर्ची टाकून बसला होता. मार्चचं ऊन, महिन्यावर आलेली देवीची यात्रा, यात्रेआधी गाड्या दाखवायला येणारी माणसं. ही गाडी सुटली नाही तर काय बोललं जाईल, ते बंडप्पांना न ऐकताही ऐकू येत होतं.

दांडक्यानं काही सांगितलं नाही. इंजिन म्हाताऱ्या माणसासारखं कुरकुरत होतं, पण ठीक होतं. गाडी जॅकवर चढवून चाकं फिरवली, हात लावून बघितला. काही नाही. म्हणजे दुसरी युक्ती. नागसेन चालवायला, शेजारी बंडप्पा, मागं नागसेनची बायको पौर्णिमा आणि तिच्या डाव्या हाताला, खिडकीशी, आई मुक्ताबाई. बंडप्पांनी आतला आरसा स्वतःकडं फिरवून घेतला. मागचं काही दिसेना म्हणून नागसेन चुळबुळला, तेव्हा आवाज पुढं असतो, मागं बघून काय करता, असं बंडप्पांनी त्याला सांगितलं.

कळंबच्या रस्त्याला गाडी लागली. पौर्णिमाचं तोंड आरशात नीट दिसत होतं. चाळीस झाले, पन्नास झाले, तोंड सरळ. पुढं एका फाट्यावर स्पीडब्रेकर आला, गाडी हळू झाली आणि पौर्णिमाच्या कपाळावर तीन आठ्या उमटल्या. पुढच्या गावात दुसरा ब्रेकर, पुन्हा तीन. तिसऱ्याला चार. मुक्ताबाईंचे ओठ हलत होते, पण म्हातारं माणूस प्रवासात काहीतरी पुटपुटतंच, म्हणून बंडप्पांनी तिकडं लक्ष दिलं नाही. त्यांना पाहिजे ते मिळालं होतं. नागसेन चाळीसच्या पुढं म्हणत होता, पण नवऱ्याला आवाज अर्धाच येतो. ब्रेकरला वाजतं म्हणजे शॉकप. त्यांनी परत येऊन मागच्या दोन्ही शॉकपचे रबर बदलले. अर्धा दिवस गाडीखाली पडून काढला. उठताना कमरेतून जो आवाज आला असेल, तोही त्यांना ऐकू आला नाही, पण जाणवला.

पुढच्या रविवारी गाडी परत दारात.

"आवाज हाय तसाच हाय, मिस्त्री," नागसेन म्हणाला. त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. गाईला दुसरं इंजेक्शन द्यावं लागतंय, एवढंच होतं. "उलट झटके बंद झाले ना, त्यामुळं आता लई साफ ऐकू येतोय."

शिवराजनं खुर्ची दोन फूट पुढं घेतली.

पुन्हा फेरी. पुन्हा आरसा. या वेळी बंडप्पांनी डोळ्यांची पापणीही हलवली नाही. पौर्णिमाचं तोंड पळत्या गाडीत सरळ, ब्रेकरला आठ्या. रबर नवे, तरी आठ्या. मग नागसेननं पेट्रोलपंपावर गाडी उभी केली, चावी काढली, खाली उतरला. गाडी ठार बंद. आणि बंडप्पांनी आरशात पाहिलं तर पौर्णिमाच्या कपाळावर या टोकापासून त्या टोकापर्यंत आठ्याच आठ्या.

बंद गाडीबी बोलती, असं आपण म्हणालो होतो, हे बंडप्पांना आठवलं, आणि त्यांना स्वतःच्या वाक्याची पहिल्यांदाच भीती वाटली.

त्या दिवशी त्यांनी नागसेनला पुढच्या रविवारी गाडी दिवसभरासाठी आणा म्हणून सांगितलं. आठवडाभर त्यांना झोप नव्हती. चालू असताना गप्प आणि बंद असताना बोलणारी गाडी त्यांनी चाळीस वर्षांत पाहिली नव्हती. शनिवारी त्यांनी ड्रॉवर उघडला, यंत्राची डबी काढली, शर्टाच्या खिशात टाकली. ती खिशापर्यंत आली होती. खिशापासून कानापर्यंतचा रस्ता तेवढा राहिला होता, आणि तो येरमाळ्याच्या भर चौकातून जात होता.

तिसऱ्या रविवारी नागसेन आणि पौर्णिमा गाडी लावून बाजारात गेले. मुक्ताबाईंचे गुडघे दुखत होते, म्हणून त्या दुकानातल्या बाकावर बसल्या. बंडप्पा दांडका दातांत धरून इंजिनवर वाकले. करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं, पण शिवराज बघत होता. थोड्या वेळानं त्यांना वाटलं कुणीतरी आपल्याकडं बघतंय. त्यांनी मान वळवली. मुक्ताबाई पदर तोंडाला लावून बसल्या होत्या आणि डोळे असे, की काहीतरी विचारलंय आणि उत्तराची वाट आहे.

अशा वेळचं उत्तर बंडप्पांकडं तयार असे. दांडका काढून ते म्हणाले, "व्हय, व्हय. बघू की निवांत. काय घाई न्हाय."

मुक्ताबाईंनी पदर खाली घेतला. मग लहान पोराला बोलावं तसं, सावकाश, तोंड नीट उघडून म्हणाल्या, "म्या म्हणलं, मिस्त्री, तुमच्या पायजम्याला इस्तू लागलाय."

बंडप्पांनी आधी पायजम्याकडं पाहिलं. तो काळा होता, पण जळून नव्हे, ग्रीसनं. मग त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी दांडका हळूच बॉनेटवर ठेवला आणि उलट्या ठेवलेल्या रंगाच्या डब्यावर बसले. आश्चर्य म्हणजे त्यांना पहिल्यांदा वाटलं ते बरं वाटलं. चार वर्षं उभं राहिल्यावर कुणी बसा म्हटल्यासारखं.

"कधी कळलं?" त्यांनी विचारलं.

पहिल्याच दिवशी, मुक्ताबाई म्हणाल्या. त्यांचे मालक साखर कारखान्यात उसाच्या चरकापाशी एकतीस वर्षं होते. निवृत्त होऊन घरी आले ते माणूस म्हणून आले, पण भिंत म्हणून राहिले. तेही असंच करायचे. समोरच्याच्या तोंडाकडं टक लावून बघायचे, आधी मान हलवायचे आणि मग विचारात पडायचे, की आपण कशाला हो म्हणालो. एकदा असंच मान हलवून त्यांनी एक म्हैस विकली होती.

बंडप्पांनी खिशावर हात ठेवला, डबीवर. "अक्का," ते म्हणाले, "हे तेवढं गावात..."

"म्या कुणाला सांगू?" मुक्ताबाई म्हणाल्या. "माझं घरात तरी कोण ऐकतंय?"

रस्त्यानं उसाचे रिकामे ट्रॅक्टर परत निघाले होते. त्यांची गाणी बंडप्पांच्या बरगड्यांना लागून पुढं गेली. मग त्यांनी हार मानल्यासारखं विचारलं, अक्का, तुम्हाला तरी येतोय का हो तो आवाज? कसा येतोय?

मुक्ताबाईंनी विचार केला. "जात्याचा खुंटा ढिला झाला की दगूड दगडाला घासतो बघा. दाणं संपल्यावर. पीठ न्हाय, काय न्हाय, नुसता घुर्र-घुर्र. तसा. आणि येतोय माझ्याच बुडाखालनं."

चाळीस वर्षांत बंडप्पांना कुणी इतका नेमका आवाज सांगितला नव्हता. गिऱ्हाईक सांगे 'असा आवाज येतो', आणि मग तोंडानं काहीतरी करे, जे बघायला बरं असे पण उपयोगाचं नसे. घासणारा दगड म्हणजे बेअरिंग. पण मग बेअरिंग पळत्या गाडीत वाजणार. ब्रेकरला आणि पंपावर कसं?

"मंग सूनबाईंच्या कपाळाला आठ्या कशानं पडत्यात?" त्यांनी विचारलं. "गाडी हळू झाली की पडत्यात. उभी राहिली की जास्तीच."

"त्या आवाजाच्या न्हायत," मुक्ताबाई म्हणाल्या. "त्या माझ्या. म्या बोलले की पडत्यात."

बंडप्पांनी डोळे मिटले. दोन शॉकप, चार रबर, अर्धा दिवस गाडीखाली, आणि सगळं एका सासू-सुनेच्या बोलण्यावरून. काय बोलायचा तुम्ही, असं ते विचारणार तोच नागसेन आणि पौर्णिमा पिशव्या घेऊन आले, आणि ते राहूनच गेलं.

तिसरी फेरी निघाली तेव्हा बंडप्पा मागं बसले. पौर्णिमाला पुढं पाठवलं. मागच्या सीटवर एका बाजूला मुक्ताबाई, दुसऱ्या बाजूला बंडप्पा आणि मध्ये दांडका. दांडक्याचं एक टोक मुक्ताबाईंच्या मुठीत, दुसरं बंडप्पांच्या दातांत. ठरलं होतं असं, की आवाज वाढला की मुक्ताबाईंनी दांडका दाबायचा, कमी झाला की सैल सोडायचा. शिवराजनं हे दृश्य चौकातून जाताना पाहिलं आणि तो खुर्चीतून उठून उभा राहिला. पुढच्या आठवड्यात त्यानं आपल्या आजीला गॅरेजमध्ये आणून बसवलं, ते का, हे तिला अजून कळलेलं नाही.

चाळीस झाले आणि दांडका दातांवर दाबला गेला. पन्नासला आणखी. बंडप्पांनी खूण करून नागसेनला गाडी न्यूट्रल करायला सांगितली, दांडका दाबलेलाच. म्हणजे इंजिनचा संबंध नाही. उजवीकडचं वळण आलं, गाडीचा भार डावीकडं झुकला आणि मुक्ताबाईंनी असा काही रेटा दिला, की बंडप्पांचा खालचा एक दात कायमचा वेगळा विचार करू लागला. डावीकडच्या वळणाला दांडका एकदम सैल. पुन्हा उजवीकडं, पुन्हा रेटा. ब्रेकर आला, गाडी हळू झाली, दांडका गळून पडला, मुक्ताबाई काहीतरी बोलल्या आणि पुढं बसलेल्या पौर्णिमाचं डोकं तसूभर हललं. आठ्या दिसल्या नाहीत, पण त्या तिथं आहेत हे बंडप्पांना आता मागूनही कळत होतं.

मागचं डावं चाक. बेअरिंग. जॅकवर भार नसतो म्हणून तिथं गप्प बसतं. एवढी सोपी गोष्ट. कान असते तर पहिल्या मैलाला सांगितली असती. हे त्यांच्या मनात आलं आणि ते त्यांनी तिथंच राहू दिलं. दमल्यावर माणूस स्वतःशीही फार वाद घालत नाही.

दुकानात येऊन त्यांनी चाक काढलं, ड्रम काढला, बेअरिंग ठोकून बाहेर काढलं. त्यातल्या गोळ्या निळ्या पडल्या होत्या आणि आतल्या कडेला उंदरानं कुरतडल्यासारखे खड्डे. बंडप्पांनी ते मुक्ताबाईंच्या हातात दिलं. त्यांनी ते फिरवून पाहिलं आणि हेच ते, म्हणून मान हलवली. आणि ही मान विचार करून हलली होती.

नवीन बेअरिंग बसवून होईपर्यंत ऊन कललं. नागसेन एकटाच गाडी घेऊन हायवेला गेला, पंधरा मिनिटांनी परत आला. तोवर शिवराज आणि आणखी चार-पाच जण जमले होते. नागसेन उतरला, त्याच्या तोंडावर असं समाधान होतं की बंडप्पांना ते वाचायला चष्मासुद्धा लागला नसता.

"मिस्त्री," तो म्हणाला, "आता कायबी ऐकू येत न्हाय."

"मलाबी," बंडप्पा म्हणाले.

चार वर्षांत त्यांच्या तोंडून निघालेलं हे पहिलं खरं वाक्य. लोक हसले. मुक्ताबाई हसल्या नाहीत. त्या गाडीकडं निघाल्या, एका हातानं गुडघा धरत. पौर्णिमानं दार उघडून त्यांना मागच्या सीटवर, त्यांच्या नेहमीच्या जागी, डाव्या खिडकीशी बसवलं आणि दार लावून घेतलं.

शिवराजनं मग सगळ्यांच्या देखत विचारलंच. चौघांना न सापडलेलं तुम्हाला सापडलं कसं, मिस्त्री? आणि ती आजी कशाला लागती?

बंडप्पांनी हात पुसले. पुसता पुसता त्यांचा हात खिशावर गेला. डबी तिथंच होती. त्यांच्या मनात आलं, की हीच वेळ आहे. सगळे जमलेत, गाडी बरी झालीय, कीर्ती शाबूत आहे. आत्ता डबी काढून कानात यंत्र घातलं आणि खरं सांगून टाकलं, तर लोक एक दिवस हसतील आणि दुसऱ्या दिवशी गाड्या घेऊन येतील. उद्यापासून आरसे फिरवायला नकोत, कुणाच्या कपाळाकडं टक लावायला नको. रात्री डोळे चुरचुरणार नाहीत. त्यांनी डबी बाहेर काढली. घसा साफ केला. सगळे गप्प झाले. म्हणजे झाले असावेत, कारण सगळ्यांची तोंडं बंद होती.

"जगात खोटं न बोलणारी वस्तू येकच," ते म्हणाले, "पर ऐकणारा..."

आणि तेवढ्यात त्यांना गाडीच्या मागच्या काचेवर हालचाल दिसली. मुक्ताबाई आतून काचेवर बोटं वाजवत होत्या. इतर कुणी मान वळवली नाही, आणि बंद काचेपलीकडचं कुणाला ऐकू येण्यासारखं नव्हतंच. बाईनं सगळं झाकून ठेवलं होतं. आता मोबदल्यात ती काय मागणार? न्हायतर ती म्हणणार, सांगू नका. न्हायतर ती म्हणणार, सांगाच. ते डबी मुठीत धरून गाडीपाशी गेले आणि काचेसमोर वाकले. मुक्ताबाईंचा चेहरा घामानं डबडबला होता. त्यांनी पदर बाजूला केला आणि सावकाश, तोंड नीट उघडून, एकेक शब्द वेगळा करून बोलल्या. बंडप्पांनी शब्द न् शब्द वाचला.

"मिस्त्री, चार महिने झालं सांगतीय, गाडी जरा हळू झाली की जीव घुसमटतोय. ह्या काचंचं हँडल तेवढं बसवून देता का?"